माहितीचें कोठार आणि त्याची किल्ली

बँक असो, रेल्वे असो, विमा कंपनी असो कीं नगरपालिका असो. कोणत्याहि मोठ्या संस्थेचा कारभार शेवटीं नोंदींवर चालतो. कोणी किती रक्कम भरली, कोणाचा हप्ता थकला, कोणतें आसन कोणाच्या नांवें राखून ठेवलें, हें जिला सांगतां येत नाहीं ती संस्था फार दिवस टिकत नाहीं. पूर्वीं या नोंदी चोपड्यांत आणि दप्तरांत असत. आज त्या संगणकाच्या स्वाधीन झाल्या आहेत. त्या नोंदी ठेवणारी, शोधून देणारी आणि सांभाळणारी जी यंत्रणा, तिला डेटाबेस म्हणतात. अशी यंत्रणा विकत घेणारा साधारणतः किंमत विचारतो आणि वेग विचारतो. परंतु गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहतां खरा प्रश्न तिसराच असल्याचें दिसून येतें. कोठारांत ठेवलेली माहिती बाहेर काढण्याची किल्ली कोणाच्या हातीं राहणार. धान्याच्या मालकाच्या, कीं कोठार बांधून देणाऱ्याच्या? या प्रश्नाचें उत्तर एका दिवसांत मिळालें नाहीं. त्यासाठीं एक नवा सिद्धान्त जन्मास यावा लागला, दोन भाषांची झुंज व्हावी लागली, आणि परस्परांचे स्पर्धक असलेल्या व्यापाऱ्यांना एकत्र बसून तडजोड करावी लागली.

संगणकाच्या पहिल्या पिढींत माहिती सुट्या फायलींत ठेवली जाई आणि बहुधा प्रत्येक प्रोग्रॅमची फाईल वेगळी असे. ही व्यवस्था किती अपुरी आहे हें अमेरिकेच्या चांद्रमोहिमेंत स्पष्ट झालें. अपोलो यान आणि त्यास उचलणारा सॅटर्न अग्निबाण यांना लागणाऱ्या असंख्य भागांची यादी ठेवणें हें काम नुसत्या कागदावर होण्यासारखें नव्हतें. म्हणून आय्. बी. एम्. कंपनीनें नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या कंपनीच्या सहकार्यानें एक यंत्रणा रचली. कॅलिफोर्नियांतील डाउनी येथें १४ ऑगस्ट १९६८ रोजीं ती प्रथम कार्यास सिद्ध झाली आणि पुढें आय्. एम्. एस्. या नांवानें बाजारांत आली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती: मूळ यंत्र, त्याच्या पोटीं त्याचे भाग, त्या भागांच्या पोटीं त्यांचे उपभाग. अग्निबाणाचे भाग मोजण्यास ही रचना फार सोयीची. कारण भाग हे स्वभावतःच एकांत एक सामावलेले असतात. परंतु सगळें जग वंशवृक्षासारखें नसतें. एकच विद्यार्थी अनेक विषय घेतो आणि एकच विषय अनेक विद्यार्थी घेतात. अशा ठिकाणीं कोण कोणाच्या पोटीं हें ठरवितांना ओढाताण होऊं लागते.

या अडचणींतून जाणारी दुसरी वाट जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चार्ल्स बॅकमन यांनीं त्यापूर्वींच काढली होती. त्यांच्या पद्धतींत नोंदी जणुं धाग्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असत आणि एका नोंदीपासून अनेक दिशांना धागे जाऊं शकत. कोबॉल भाषेची निगा राखणाऱ्या कोडासिल या मंडळाच्या समितीनें १९७१ च्या अहवालांत या पद्धतीस व्यवस्थित रूप दिलें. १९७३ सालीं बॅकमन यांना संगणकशास्त्रांतील सर्वांत मानाचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. त्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत त्यांनीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास समुद्रावरील वाटाड्याची उपमा दिली. माहितीच्या विस्तारांतून एका नोंदीवरून दुसरीवर जात मुक्काम गांठणें हें त्याचें काम.

उपमा सुंदर होती, पण दोषहि तींतच दडलेला होता. वाटाड्यावांचून जें जहाज चालत नाहीं तें वाटाड्याच्या मर्जीवर चालतें. जुन्या दप्तरखान्यांत अमुक कागद कोणत्या रुमालांत बांधला आहे हें एखाद्या वृद्ध कारकुनासच ठाऊक असावें, आणि तो गेल्यावर कागद असून नसल्यासारखे व्हावे, तशांतला हा प्रकार. नोंदी कोणत्या क्रमानें ठेवल्या आहेत आणि कोणत्या धाग्यानें जोडल्या आहेत, याचें ज्ञान प्रत्येक प्रोग्रॅममध्यें मुरलेलें असे. उद्यां वेग वाढावा म्हणून कोणी आंतील मांडणी बदलली, कीं तिच्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम पुन्हां तपासावे लागत, आणि पुष्कळदां पुन्हां लिहावेहि लागत. माहिती संस्थेची खरी. परंतु तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट मूठभर जाणकारांच्या डोक्यांत आणि एका विशिष्ट यंत्रणेच्या पोटांत राही.

या पराधीनतेवर ज्यांनीं मुळांतून उपाय सुचविला ते एड्गर कॉड हे जन्मानें इंग्रज. १९२३ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला त्यांनीं गणिताचें शिक्षण घेतलें, दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक म्हणून काम केलें, आणि युद्धानंतर अमेरिकेंत जाऊन आय्. बी. एम्. मध्यें नोकरी धरली. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाचा वीट येऊन १९५३ सालीं ते कॅनडांत गेले, आणि कांहीं वर्षांनीं परतले. आय्. बी. एम्. च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत असतांना जून १९७० मध्यें त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध अवघ्या अकरा पानांचा. पण पुढील अर्धशतकाचा व्यापार त्यानें पालटून टाकला. माहिती यंत्राच्या आंत कशी रचली आहे हें जाणण्याच्या सक्तींतून ती वापरणाऱ्यांस मुक्त केलें पाहिजे, हा विचार त्यांनीं आरंभींच मांडला होता.

कॉड यांची योजना वरकरणीं साधी होती. सर्व माहिती कोष्टकांत मांडावी, आणि दोन कोष्टकांचा संबंध धाग्यानें न जोडतां दोहोंत येणाऱ्या समान मूल्यानें जुळवावा. एखाद्या बँकेचें उदाहरण घ्यावें. खातेदारांच्या कोष्टकांत खातेक्रमांक, नांव व गांव असे रकाने असतील; व्यवहारांच्या कोष्टकांत खातेक्रमांक, तारीख व रक्कम असे रकाने असतील. खातेक्रमांक दोन्हींकडे आहे, तेवढा संबंध पुरेसा. मग मिरजेंतील ज्या खातेदारांनीं या महिन्यांत एकदांहि पैसे काढले नाहींत त्यांचीं नांवें हवीं असल्यास, काय हवें आहे एवढेंच सांगावयाचें. प्रथम मिरजेचीं खातीं वेंचावयाचीं कीं प्रथम महिन्याचे व्यवहार चाळावयाचे, हें यंत्रणेनें ठरवावयाचें. यामागें गणितांतील संचांचा सिद्धान्त आणि तर्कशास्त्र यांचा भक्कम पाया होता. कोष्टकांतून कोष्टक काढलें असतां कोष्टकच मिळतें. त्यामुळें एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाचा आधार होऊं शकतें. गणितांत अशा कोष्टकास रिलेशन म्हणतात, आणि त्यावरून या पद्धतीस रिलेशनल हें नांव पडलें.

सिद्धान्ताचें स्वागत मात्र थंडपणें झालें, आणि तें त्याच्या माहेरींच अधिक थंड होतें. आय्. एम्. एस्. नुकतीच बाजारांत आली होती आणि मोठमोठीं गिऱ्हाइकें तिच्यावर अवलंबून होतीं. कंपनीला आपल्याच मालाचा स्पर्धक उभा करण्याची घाई नव्हती. शिवाय एक खरा तांत्रिक आक्षेप होता. वाटाड्यास काढून टाकलें तर वाट कोण शोधणार? यंत्रणा आपण होऊन शोधील, पण ती अनुभवी माणसाइतकी चांगली वाट शोधील याचा भरंवसा काय? १९७४ सालीं मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर येथें भरलेल्या परिषदेंत कॉड आणि बॅकमन यांच्या पक्षांचा समोरासमोर वाद झाला. निर्णय अर्थातच तेथें लागला नाहीं. कारण तो बोलून लागणारा नव्हता, यंत्रणा बांधून आणि चालवून दाखवूनच लागणारा होता.

अशा दोन यंत्रणा कॅलिफोर्नियांत, एकमेकींपासून फारशा दूर नसलेल्या दोन ठिकाणीं उभ्या राहिल्या. पहिली आय्. बी. एम्. च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत. तिचें नांव सिस्टिम आर. तिच्यासाठीं डोनाल्ड चेंबर्लिन आणि रेमंड बॉइस यांनीं इंग्रजी वाक्यासारखी वाचतां येईल अशी एक प्रश्नभाषा रचली आणि तिला सीक्वेल असें नांव दिलें. त्या भाषेवरील निबंध ॲन आर्बरच्या त्याच परिषदेंत वाचला गेला. बॉइस यांचें मात्र त्याच वर्षीं ऐन तारुण्यांत निधन झालें. सीक्वेल हें नांव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हांत गुंतलेलें आढळल्यामुळें पुढें तें आंखडून एस्. क्यू. एल्. असें करण्यांत आलें. वाट शोधण्याच्या आक्षेपासहि येथेंच उत्तर मिळालें. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ सालीं अशी रीति प्रसिद्ध केली कीं, जिच्या योगें यंत्रणा एका प्रश्नाच्या अनेक संभाव्य वाटांचा खर्च अंदाजते आणि त्यांतली स्वस्त वाट निवडते. वाटाड्याचें काम असें यंत्रणेकडे गेलें.

दुसरी यंत्रणा बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनीं १९७३ पासून उभारली. तिचें नांव इंग्रेस आणि तिच्या भाषेचें नांव क्वेल. आय्. बी. एम्. चें काम महागड्या मोठ्या यंत्रांवर चालले होतें. इंग्रेस ही युनिक्स चालविणाऱ्या लहान यंत्रांवर चालत असे, आणि तिचा मूळ लेख इतर विद्यापीठांना अल्प खर्चांत मिळत असे. या शाळेंत तयार झालेले विद्यार्थी पुढें अनेक कंपन्यांत पसरले. क्वेल ही भाषा एस्. क्यू. एल्. पेक्षां अधिक नेटकी आणि गणिताशीं अधिक इमानी आहे, असें अनेक जाणकारांचें मत होतें.

परंतु बाजारांत पहिली उडी तिसऱ्यानेंच घेतली. १९७७ सालीं लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनीं एक छोटी कंपनी काढली. आय्. बी. एम्. च्या संशोधकांनीं आपले निबंध उघडपणें प्रसिद्ध केले होते. ते वाचून या तिघांच्या कंपनीनें आय्. बी. एम्. च्या आधींच एस्. क्यू. एल्. वर चालणारी यंत्रणा १९७९ सालीं विक्रीस आणली. तिचें नांव ओरॅकल, आणि आवृत्ति दुसरी. पहिली आवृत्ति विक्रीस कधीं आलीच नव्हती, पण नव्या कंपनीची पहिलीच आवृत्ति कोण विकत घेणार, हा व्यापारी हिशेब त्यामागें होता. आय्. बी. एम्. नें आपली एस्. क्यू. एल्. यंत्रणा १९८१ सालीं आणि मोठ्या यंत्रांसाठींची डी. बी. टू १९८३ सालीं बाहेर काढली. त्याच १९८३ सालीं ओरॅकलची तिसरी आवृत्ति सी भाषेंत नव्यानें लिहून निघाली, आणि त्यामुळें ती निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर चालूं लागली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची होती. डी. बी. टू घेणें म्हणजे आय्. बी. एम्. चें यंत्रहि घेणें. ओरॅकल घेणाऱ्यास यंत्र बदलण्याची मोकळीक राहत होती. एक बंधन असें सैल झालें, पण दुसरें आंवळलें जात आहे हें त्या वेळीं थोड्यांच्याच लक्षांत आलें.

भाषांच्या झुंजीचा निकाल याच सुमारास लागला. आय्. बी. एम्. सारख्या बलाढ्य कंपनीनें आणि तिच्या चपळ स्पर्धकानें एकच भाषा उचलली, तेव्हां गिऱ्हाइकांनींहि तीच मागावयास आरंभ केला. १९८६ सालीं अमेरिकेच्या मानक संस्थेनें एस्. क्यू. एल्. ला प्रमाण भाषा ठरविलें आणि १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें त्यावर शिक्कामोर्तब केलें. इंग्रेसचा व्यापार करणाऱ्या कंपनीलाहि आपल्या यंत्रणेंत एस्. क्यू. एल्. आणावी लागली, आणि क्वेल मागें पडत गेली. ज्या संस्थांनीं क्वेल उत्तम म्हणून निवडली होती त्यांची निवड बुद्धीच्या कसोटीवर चुकीची नव्हती; तरीहि आपले प्रोग्रॅम नव्या भाषेंत घालण्याचा भुर्दंड त्यांच्याच माथीं आला. स्वतः कॉड हेहि विजयी भाषेवर संतुष्ट नव्हते. तिच्या कोष्टकांत एकच ओळ दोनदां येऊं शकते, आणि संचांच्या गणिताशीं हें विसंगत आहे, ही त्यांची एक मुख्य तक्रार. १९८१ सालीं ट्यूरिंग पारितोषिकाचे मानकरी झालेल्या कॉड यांनीं १९८५ सालीं बारा नियम प्रसिद्ध केले, ते मुख्यतः रिलेशनल हा शब्द जाहिरातींत उधळणाऱ्या विक्रेत्यांना उद्देशून होते.

भाषेला प्रमाणरूप मिळालें म्हणजे किल्ली मालकाच्या हातीं आली, असें वाटणें साहजिक होतें. परंतु प्रमाण मराठी एक असली तरी बारा कोसांवर बोली बदलते, तसेंच येथें झालें. प्रत्येक विक्रेत्यानें प्रमाण भाषेंत आपल्या पदरची भर घातली. उत्तरांतल्या पहिल्या दहाच ओळी हव्या असल्यास ओरॅकलमध्यें एक शब्द, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेंत दुसरा आणि मायएस्क्यूएलमध्यें तिसरा. या साध्या गोष्टीसाठीं प्रमाण रीति ठरण्यास २००८ साल उजाडावें लागलें. कांहीं भेद याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक. रकान्यांत कांहींच लिहिलेलें नसणें आणि त्यांत रिकामा मजकूर असणें, या प्रमाण भाषेप्रमाणें दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओरॅकल मात्र रिकाम्या मजकुरास कांहींच नसल्याप्रमाणें मानते. एका यंत्रणेंतून दुसऱ्या यंत्रणेंत प्रोग्रॅम नेतांना असा भेद चूक म्हणून ओरडत नाहीं. उत्तरच निमूटपणें वेगळें येतें.

यापुढील अडचण भाषेच्याहि पलीकडची होती. एस्. क्यू. एल्. ही प्रश्न विचारण्याची भाषा. तींत पगाराचा सगळा हिशेब करणें किंवा पडद्यावर फॉर्म मांडणें शक्य नव्हतें. तें काम कोबॉल किंवा सी अशा भाषांत होई. मग हिशेबाच्या भाषेंतून प्रश्नाच्या भाषेकडे जावयाचें कसें? कोठाराची भिंत जेथें बाहेरच्या जगाला भेटते तें हें दार, आणि जाणकार त्यास प्रोग्रॅमिंग इंटरफेस म्हणतात. पहिली रीति अशी होती कीं, कोबॉलच्या मजकुरांतच एस्. क्यू. एल्. चीं वाक्यें लिहावयाचीं आणि विक्रेत्यानें दिलेल्या एका पूर्वसंस्कारक प्रोग्रॅमकडून त्यांचें रूपांतर करून घ्यावयाचें. रीति सोपी, पण तो पूर्वसंस्कारक ज्याचा त्याचा वेगळा. लिहिलेला मजकूर एका विक्रेत्याच्या चाळणींतून गेला कीं तयार होणारा प्रोग्रॅम त्याच विक्रेत्याच्या यंत्रणेशीं बोलूं शके. दुसऱ्या रीतींत विक्रेता आपल्या यंत्रणेस हांक मारण्याच्या आज्ञांचा एक संच देई. ओरॅकलचा एक, सायबेसचा दुसरा, आणि दोहोंत कसलेंच साम्य नाहीं.

सायबेस या कंपनीचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें, हिशेबाचे नियम डेटाबेसच्या पोटांतच लिहून ठेवण्याची सोय लोकप्रिय केली. खात्यांत पुरेशी शिल्लक नसल्यास पैसे देऊं नयेत, हा नियम शंभर प्रोग्रॅममध्यें लिहिण्याऐवजीं एकदांच कोठारांत लिहावा, ही कल्पना उत्तम होती. तिनें वेग वाढला आणि चुका कमी झाल्या. परंतु ते नियम ज्या भाषेंत लिहावयाचे ती सायबेसची खास भाषा. ओरॅकलनेंहि याच कामासाठीं आपली निराळी भाषा काढली. त्यामुळें जी संस्था या सोयींचा जितका अधिक उपयोग करी, तितकी ती त्या विक्रेत्याशीं अधिक घट्ट बांधली जाई. सोय आणि बंधन हीं एकाच गांठीचीं दोन टोकें होतीं.

ही गांठ सैल करण्याची गरज शेवटीं विक्रेत्यांनाहि पटली. पडद्यावरील तक्ते आणि फॉर्म तयार करणाऱ्या लहान संगणकांवरील प्रोग्रॅमना, दहा यंत्रणांसाठीं दहा प्रकारें लिहिणें परवडेना. आणि असे प्रोग्रॅम नसले तर यंत्रणाहि विकली जाईना. १९८९ सालीं अनेक विक्रेत्यांनीं मिळून एस्. क्यू. एल्. ॲक्सेस ग्रूप नांवाचें मंडळ स्थापन केलें. त्याच्या कामाच्या आधारानें मायक्रोसॉफ्टनें १९९२ सालीं ओ. डी. बी. सी. ही योजना प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व दुभाष्याचें आहे. प्रोग्रॅमनें सर्वांना समान अशा ठराविक आज्ञाच द्यावयाच्या. प्रत्येक विक्रेत्यानें आपल्या यंत्रणेसाठीं ड्रायव्हर नांवाचा एक दुभाष्या पुरवावयाचा. आणि कोणत्या दुभाष्यास बोलवावयाचें हें प्रोग्रॅम चालू होतांना ठरावयाचें. त्यामुळें यंत्रणा बदलली तर दुभाष्या बदलावा, प्रोग्रॅम तसाच राहावा, ही अपेक्षा. १९९५ सालीं याच धर्तीची पद्धति एस्. क्यू. एल्. च्या आंतरराष्ट्रीय मानकांत समाविष्ट झाली, आणि १९९७ सालीं सन कंपनीनें जावा भाषेसाठीं जे. डी. बी. सी. ही तिची बहीण प्रसिद्ध केली.

अपेक्षा कितपत पुरी झाली? बरीचशी झाली, पण पूर्ण नव्हे. दार सर्वांचें एकसारखें झालें, तरी दारांतून जो निरोप पाठवावयाचा तो अजूनहि एस्. क्यू. एल्. च्या कोणत्या ना कोणत्या बोलींत असे. दुभाष्या आज्ञांचें भाषांतर करी, बोलीभाषेचें सगळें करीलच असें नाहीं. शिवाय सर्वांना समान अशा आज्ञांपुरतेंच राहिलें तर प्रत्येक यंत्रणेच्या खास गुणांना मुकावें लागे. म्हणून निवड करणाऱ्यापुढें कायमचा एक तोल उभा राहिला: खास सोयी वापरून आजचा वेग घ्यावा, कीं सामान्य मार्गानें जाऊन उद्यांची मोकळीक राखावी.

वेगाचा निवाडा तरी निर्विवाद होता काय? तोहि नव्हता. १९८५ सालीं जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बँकेंतील जमा-खर्चाच्या व्यवहारावर आधारलेली एक कसोटी सुचविली. तिच्यावर विक्रेते आपापल्या सोयीचे अर्थ लावूं लागले, म्हणून १९८८ सालीं टी. पी. सी. हें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें आणि मोजमापाचे नियम लिहून काढण्यांत आले. दुसरीकडे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड डेविट यांनीं यंत्रणांच्या नांवांसह प्रसिद्ध केलेले निकाल कांहींना झोंबले. तेव्हांपासून, आमच्या लेखी संमतीवांचून वेगाचे निकाल प्रसिद्ध करूं नयेत, असें कलम विक्रीच्या करारांत येऊं लागलें. आजहि तें डेविट यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्या मालाचें वजन गिऱ्हाइकानें उघडपणें सांगूं नये असा करार आहे, त्या मालाचें वजन विक्रेत्याच्याच तराजूनें पाहावें लागतें.

निवडीचा खरा कस मात्र वर्षांनीं लागतो, आणि त्याचे दाखले इतिहासानें भरपूर ठेवले आहेत. इंग्रेसची कंपनी १९९० सालीं एका कंपनीनें घेतली आणि १९९४ सालीं त्या कंपनीसह ती कम्प्यूटर असोसिएट्सकडे गेली. ओरॅकलची एके काळची कडवी प्रतिस्पर्धी इन्फॉर्मिक्स हिचा डेटाबेसचा व्यवसाय २००१ सालीं आय्. बी. एम्. नें सुमारें एक अब्ज डॉलरांस विकत घेतला. सायबेसनें आपल्या यंत्रणेचा हक्क मायक्रोसॉफ्टला दिला होता. पुढें दोघांच्या वाटा फुटल्या, त्याच मुळांतून मायक्रोसॉफ्टची एस्क्यूएल सर्व्हर वाढली, आणि सायबेस २०१० सालीं एस्. ए. पी. या जर्मन कंपनीच्या मालकीची झाली. या प्रत्येक खरेदी-विक्रींत कोठाराबरोबर त्यांतील गिऱ्हाइकेंहि एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलीं. परवान्याच्या अटी, दुरुस्तीची हमी आणि किंमत हीं सारीं नव्या धन्याच्या हातीं गेलीं. ज्यांचे प्रोग्रॅम प्रमाण भाषेच्या आणि प्रमाण दाराच्या जवळ राहिले होते त्यांना निघून जाण्याचा विचार तरी करतां आला. ज्यांचा सारा कारभार खास भाषेंत लिहिलेला होता त्यांना नवी किंमत मान्य करण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

दरम्यान बर्कलीच्या झाडाला अनपेक्षित फळ आलें. स्टोनब्रेकर यांनीं इंग्रेसनंतर १९८६ च्या सुमारास पोस्टग्रेस नांवाची नवी यंत्रणा आरंभिली, आणि तिची भाषा क्वेलच्याच वळणाची ठेवली. विद्यापीठाचें काम संपल्यावर दोन विद्यार्थ्यांनीं १९९४-९५ मध्यें ती भाषा काढून तिच्या जागीं एस्. क्यू. एल्. बसविली. १९९६ सालीं पोस्टग्रेएस्क्यूएल हें नांव घेऊन ती यंत्रणा जगभरच्या स्वयंसेवकांच्या हातीं गेली. आज ती कोणासहि विनामूल्य मिळते, आणि तिची मालकी एका कंपनीकडे नाहीं. ज्या घराण्याची भाषा बाजारांत हरली त्याच घराण्याची यंत्रणा विजयी भाषा पत्करून टिकली. स्टोनब्रेकर यांना २०१४ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. स्वीडनमध्यें १९९५ सालीं निघालेल्या मायएस्क्यूएलची कथा थोडी वेगळी. तिचा लेखहि खुला, पण हक्क कंपनीचे. ती २००८ सालीं सनकडे आणि २०१० सालीं सनबरोबर ओरॅकलकडे गेली. तरीहि लेख खुला असल्यामुळें तिच्या मूळ कर्त्यांपैकीं एकास मारियाडीबी या नांवानें तिची स्वतंत्र शाखा काढतां आली.

या विद्येंत महाराष्ट्राचा सहभागहि उल्लेखनीय आहे. सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांचा डेटाबेसवरील पाठ्यग्रंथ जगभरच्या महाविद्यालयांत लावला जातो. त्याचे तिसरे लेखक एस्. सुदर्शन हे पवईच्या आय्. आय्. टी. तील प्राध्यापक. पुण्यास १९९० सालीं आनंद देशपांडे यांनीं स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनीहि आरंभापासून याच क्षेत्रांत वाढली. परदेशी विक्रेत्यांच्या यंत्रणांचे अंतर्भाग घडविण्याचें कसब येथल्या तरुणांनीं तेथें हस्तगत केलें.

कॉड २००३ सालीं निवर्तले. ज्या मुक्ततेसाठीं त्यांनीं आपला निबंध लिहिला ती अर्धी सिद्ध झाली आहे: माहिती आंत कशी ठेवली आहे हें जाणण्याची गरज आज सामान्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास क्वचितच पडते. उरलेली अर्धी कोणत्याहि सिद्धान्तानें मिळणारी नाहीं. ती निवड करणाऱ्याच्या सावधगिरीवर अवलंबून आहे. खास सोय घ्यावी लागलीच तर ती प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यांत, ओळखतां येईल अशी ठेवावी. सगळ्या नोंदी साध्या, सर्वांना वाचतां येतील अशा रूपांत बाहेर काढून पाहण्याची तालीम दरसाल करावी. आणि करारावर सही करण्यापूर्वीं, हा करार मोडावयाचा झाल्यास किती दिवस व किती पैसा लागेल, याचा आंकडा कागदावर मांडावा. किंमत आणि वेग यांच्या शेजारीं हा तिसरा आंकडा ज्या संस्थेच्या टिपणांत असेल, तिच्या कोठाराची किल्ली तिच्याच कनवटीला राहील.